जुन्या ‘पद्मिनी’चे इग्निशन टायमिंग : बिघाड ओळखावा कसा?

मुंबईच्या रस्त्यांवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. २००३ मध्ये ताडदेवला नोंदणी झालेल्या अखेरच्या गाडीची वीस वर्षांची वयोमर्यादा तेव्हा पूर्ण झाली. मात्र टॅक्सी गेली म्हणून गाडी संपली असे नव्हे. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत खासगी मालकीच्या अनेक पद्मिनी आजही जपून ठेवलेल्या आढळतात. कोणाची वडिलांनी घेतलेली पहिली गाडी, तर कोणी हौसेने विकत घेऊन नव्याने उभी केलेली. या मालकांची एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘गाडी सुरू होते, चालते, पण पूर्वीसारखी ओढत नाही.’

या तक्रारीवर बहुतेकदा पहिला हात पडतो तो कार्ब्युरेटरवर. तो उघडला जातो, धुतला जातो, नवा आणला जातो. दोन-चार हजार रुपये खर्च होतात आणि गाडी होती तेथेच राहते. कारण दोष अनेकदा इंधनात नसून ठिणगीच्या वेळेत असतो. गॅरेजच्या भाषेत ज्याला ‘टायमिंग आउट होणे’ म्हणतात, त्या दोषाचे स्वरूप, त्याची लक्षणे आणि तो शोधण्याचा क्रम यांची ओळख या लेखात करून दिली आहे. उदाहरण पद्मिनीचे घेतले असले, तरी पॉइंट असलेल्या डिस्ट्रिब्युटरच्या अ‍ॅम्बॅसडर, स्टँडर्ड हेराल्ड किंवा तत्सम जुन्या पेट्रोल गाड्यांनाही यातील बहुतेक भाग लागू पडतो.

गाडीची कुळकथा

सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून इटलीच्या फियाट कंपनीची ‘११०० डी’ ही गाडी तयार होऊ लागली. पुढे सत्तरच्या दशकात तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. सर्वसामान्यांच्या तोंडी मात्र ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली.

गाडीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे, एका ओळीत चार सिलिंडर असलेले आणि पुशरॉडवर चालणारे. त्यात ना संगणक, ना संवेदक. ठिणगी केव्हा पडावी याचा निर्णय डिस्ट्रिब्युटर नावाच्या, तळहातावर मावेल एवढ्या यंत्रातील दोन वजने, दोन स्प्रिंगा आणि एक उघडझाप करणारा पॉइंट यांच्या हाती असतो. ही व्यवस्था अमेरिकेतील अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केली. १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅक गाड्यांत आली आणि त्यानंतर पाऊणशे वर्षे जगभरातील पेट्रोल गाड्या मूलतः याच तत्त्वावर धावल्या.

ठिणगी आधीच का पडावी लागते?

सिलिंडरमधील पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एका क्षणात भडकत नाही. ठिणगीपासून ज्योत पसरत जाते आणि त्यासाठी काही काळ लागतो. सोयीसाठी हा काळ दोन सहस्रांश सेकंद धरू. जळणाऱ्या वायूचा दाब पिस्टनने वरचे टोक ओलांडून खाली यायला सुरुवात केल्यानंतर लगेच, म्हणजे साधारण दहा ते पंधरा अंशांनंतर, कमाल पातळीला पोहोचला तर ताकद पुरेपूर मिळते. त्यामुळे ठिणगी पिस्टन वर पोहोचण्यापूर्वीच पडावी लागते. यालाच ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात आणि तो क्रँकशाफ्टच्या फिरण्याच्या अंशांत मोजतात. पिस्टनच्या सर्वांत वरच्या स्थितीला ‘टीडीसी’ असे म्हणतात.

इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर दोन सहस्रांश सेकंदांत क्रँकशाफ्ट जवळपास १० अंश फिरतो. फेरे ३००० झाले, की तेवढ्याच वेळात तो ३६ अंश फिरतो. म्हणजेच वेग वाढेल तशी ठिणगी अधिकाधिक आधी पडली पाहिजे. डिस्ट्रिब्युटरमधील वजने वेगाने बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणारा कॅम पुढे सरकवतात. त्यातून हे साधते. काही गाड्यांत कार्ब्युरेटरकडून येणाऱ्या पोकळीवर चालणारा पडदाही असतो. हलक्या भारावर गाडी चालताना तो टायमिंग आणखी थोडे पुढे नेतो.

टायमिंगच्या दोषाचे तीन प्रकार यातूनच उद्भवतात. मूळ जुळणी चुकलेली असते. किंवा मूळ जुळणी बरोबर असून वेगानुसार होणारा बदल नीट होत नाही. किंवा झिजलेल्या भागांमुळे ठिणगीची वेळ प्रत्येक फेऱ्याला वेगळी पडते. या तिन्हींवरचे उपाय भिन्न आहेत. म्हणूनच डिस्ट्रिब्युटर सैल करून कानाच्या अंदाजाने थोडा इकडे-तिकडे फिरवणे हा पहिल्यासाठी कदाचित पुरेसा, पण उरलेल्या दोहोंसाठी निरुपयोगी उपाय ठरतो.

लक्षणे काय सांगतात?

ठिणगी उशिरा पडत असेल, तर गाडी जड वाटते. पाय दाबला तरी पिकअप मिळत नाही, पेट्रोल जास्त जाते, सायलेन्सरमधून अधूनमधून फटाका वाजतो आणि तापमानाचा काटा वर चढतो. ज्वलन लांबल्यामुळे उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी सिलिंडरच्या भिंतींत, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये आणि धुराच्या नळीत जाते. रेडिएटर बदलूनही गाडी तापत राहते, तेव्हा टायमिंगची शंका अवश्य घ्यावी.

ठिणगी गरजेपेक्षा आधी पडत असेल, तर चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये जोर देताना इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. गरम इंजिन पुन्हा सुरू करताना स्टार्टर अडखळतो, मध्येच उलटा धक्का बसल्यासारखा थांबतो. उशिराच्या टायमिंगमुळे गाडी मंद होते आणि तापते. आधीच्या टायमिंगमुळे मात्र ती काही काळ चपळही वाटते, आणि म्हणूनच हा दोष अधिक फसवा आहे. सतत नॉकिंग होऊ दिल्यास हेड गास्केट जळणे, पिस्टनच्या रिंगा तुटणे किंवा पिस्टनला भोक पडणे इथपर्यंत मजल जाते. पद्मिनीचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होत असताना हे नुकसान परवडणारे नाही.

ठिणगीची वेळ अस्थिर असेल, तर इंजिन आयडलिंगला थरथरते, ठरावीक वेगाला ‘मिसिंग’ करते आणि टायमिंग कितीदाही जुळवले तरी आठवडाभरात तक्रार परत येते. डिस्ट्रिब्युटर काढून परत बसवल्यानंतर गाडी सुरूच होत नसेल आणि कार्ब्युरेटरमधून भडका येत असेल, तर तो अर्ध्या फेऱ्याने उलटा बसला असण्याची किंवा प्लगच्या वायरी चुकल्याची शक्यता मोठी असते. पद्मिनीत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. वायरी लावताना रोटर कोणत्या दिशेला फिरतो ते इंजिन हाताने फिरवून आधी पाहावे आणि त्याच दिशेने हा क्रम मोजावा.

तपासणीआधीची खबरदारी

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा आहे. सैल बाह्या, ओढणी, साखळी, अंगठ्या दूर ठेवाव्यात. कॉइलमधून निघणारा विद्युतदाब पंधरा ते वीस हजार व्होल्टच्या घरात जातो; इंजिन चालू असताना प्लगच्या वायरींना हात लावू नये. ज्यांना पेसमेकर बसवला आहे, त्यांनी या कामापासून लांबच राहावे.

आणखी एक सूचना विशेष महत्त्वाची. टायमिंग लाइट नावाचे जे उपकरण पुढे वापरायचे आहे, त्याच्या लखलखाटात फिरणारा पंखा स्थिर उभा असल्याचा भास होतो. या भासापायी बोटे गमावण्याची वेळ येऊ शकते.

पहिली पायरी : जे डोळ्यांना दिसते

तक्रार नेमकी केव्हा जाणवते याची प्रथम नोंद करावी. थंड असताना की तापल्यावर? चढावर की सरळ रस्त्यावर? अचानक की हळूहळू? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याआधी गाडीचे कोणते काम झाले होते? प्लग बदलल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल, तर शोध तेथूनच सुरू करावा.

त्यानंतर चारही प्लग काढून क्रमाने मांडावेत. फिकट तपकिरी रंग चांगल्या ज्वलनाची खूण. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी दुबळी. पांढराफटक, फोड आल्यासारखा किंवा धातूचे बारीक कण चिकटलेला प्लग दिसला, तर इंजिन धोकादायकरीत्या तापत आहे. पुढील तपासणी पूर्ण होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये. प्लगची फट साधारण ०.६ मिलिमीटरच्या आसपास असावी.

डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून आतून उजेडात पाहावे. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ किंवा तडा दिसल्यास झाकण बदलावे. अशा रेघेवरून वीज भलत्याच सिलिंडरकडे धावते. पावसाळ्यात हा दोष हटकून उफाळतो. दमट हवेत, काळोख्या जागी इंजिन चालू करून दुरूनच पाहिले, तर जुन्या वायरींवरून निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. हा दोष टायमिंगचा नव्हे, पण त्याची लक्षणे तशीच भासतात. म्हणून तो आधी दूर करणे इष्ट.

दुसरी पायरी : पॉइंट आधी, टायमिंग नंतर

हा क्रम पुष्कळदा उलटा केला जातो आणि तेथेच घोळ होतो. पॉइंट बंद असताना कॉइलमध्ये वीज साठते आणि तो उघडतो त्या क्षणी ठिणगी पडते. साहजिकच पॉइंटची फट बदलली, की टायमिंगही बदलते. फट वाढली तर पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जाते. फट घटली तर ते मागे पडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना पॉइंट सेकंदाला १०० वेळा, म्हणजे तासाला ३ लाख ६० हजार वेळा उघडतो. त्याची कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजत जाते, फट कमी होते आणि गाडी महिन्यागणिक नकळत मंद होत जाते. मालकाला वाटते, गाडी म्हातारी झाली. प्रत्यक्षात ती केवळ उशिरा पेटत असते.

इंजिन हाताने फिरवून कॅमचा उंच भाग टाचेखाली आणावा. पॉइंट पुरता उघडलेला असताना फीलर गेजने फट मोजावी. डिस्ट्रिब्युटर कोणत्या बनावटीचा आहे त्यानुसार ती सामान्यतः ०.३५ ते ०.५० मिलिमीटर या दरम्यान असते; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. पॉइंटच्या एका तोंडावर उंचवटा आणि दुसऱ्यावर खड्डा पडला असेल, तर फीलर गेज उंचवट्यावर टेकतो आणि मोजमाप फसते. असे पॉइंट घासून वापरण्यापेक्षा बदलणे श्रेयस्कर. नवे पॉइंटही थोड्याच दिवसांत जळू लागले, तर कंडेन्सर संशयास्पद समजावा. नवे पॉइंट बसवताना टाचेला वंगणाचा अगदी पातळ थर द्यावा. थेंब मात्र पॉइंटच्या तोंडावर जाऊ देऊ नये.

ज्यांच्याकडे ड्वेल मीटर आहे त्यांनी तोच वापरावा. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला कॅमचे ९० अंश येतात. त्यांपैकी सुमारे ५० ते ६० अंश पॉइंट बंद असणे अपेक्षित असते. मीटरचा काटा वेगाबरोबर बराच हलत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट किंवा त्याचा बुश झिजला आहे. याचीच दुसरी परीक्षा म्हणजे रोटर धरून आडवा हलवून पाहणे. तो जाणवण्याइतका डगमगत असेल, तर बुश बदलल्याशिवाय कोणतीही जुळणी टिकणार नाही.

तिसरी पायरी : खुणेची खातरजमा

टायमिंग जुळवायचे ते पुढच्या पुलीवरील खूण आणि इंजिनावरील काटा किंवा रेषा यांच्या आधारे. पण तीस-चाळीस वर्षांत गाडीची पुली, पुढचे कव्हर किंवा संपूर्ण इंजिनही बदललेले असू शकते. चुकीच्या खुणेवर अचूक जुळवलेले टायमिंग हे चुकीचेच असते. म्हणून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन खरोखर वर असताना टीडीसीची खूण समोर येते का, हे एकदा तपासून घ्यावे.

चारही प्लग काढून पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा धरावा आणि इंजिन हाताने त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवावे. अंगठा बाहेर ढकलला जाऊ लागला, की पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वर येत आहे. यापुढे अधिक नेमकेपणा हवा असेल, तर जुन्या प्लगच्या सांगाड्यापासून बनवलेला अडसर, ज्याला ‘पिस्टन स्टॉप’ म्हणतात, तो पिस्टन खाली असताना भोकात बसवावा. इंजिन हलक्या हाताने एका दिशेने फिरवून पिस्टन अडला की पुलीवर खडूने खूण करावी, मग उलट दिशेने फिरवून दुसरी खूण करावी. या दोन खुणांमधील लहान अंतराचा मध्यबिंदू म्हणजे खरा टीडीसी. या कामी स्टार्टर कदापि वापरू नये.

पुलीवर अंशांच्या खुणा नसतील, तर दोऱ्याने पुलीचा परीघ मोजून त्याला ३६० ने भागावे. समजा परीघ ४५० मिलिमीटर आहे, तर एक अंश म्हणजे १.२५ मिलिमीटर आणि दहा अंश म्हणजे १२.५ मिलिमीटर. ही खूण पुली फिरताना टीडीसीच्या खुणेच्या आधी काट्यासमोर येईल, अशा बाजूला करावी.

चौथी पायरी : बारा व्होल्टच्या दिव्याने जुळणी

या पद्धतीला कोणतेही महाग साधन लागत नाही. बारा व्होल्टच्या लहान दिव्याला दोन वायरी जोडाव्यात. एक वायर कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या जोडणीवर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर लावावी. पहिल्या सिलिंडरच्या दाबाच्या फेऱ्यात पुली पुस्तिकेत दिलेल्या अंशावर आणून ठेवावी. अशा जुन्या इंजिनांत हा आकडा बहुधा टीडीसीपूर्वी दहा अंशांच्या आसपास असतो. या स्थितीत रोटरचे तोंड पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडे असले पाहिजे. पुली खुणेच्या पुढे गेल्यास तेवढीच मागे आणू नये; चांगली मागे नेऊन पुन्हा पुढे आणावी, म्हणजे चेनमधील ढिलाईचा परिणाम राहत नाही.

आता इग्निशन चालू करावे. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट किंचित सैल करून तो रोटर फिरतो त्या दिशेने हळूच फिरवावा. दिवा विझला म्हणजे पॉइंट बंद झाला. मग तो उलट दिशेने अत्यंत सावकाश फिरवत न्यावा. दिवा लागेल तो क्षण पॉइंट उघडल्याचा, म्हणजेच ठिणगीचा. तेथेच बोल्ट घट्ट करावा. डिस्ट्रिब्युटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो; त्यामुळे तो एक अंश हलला तर टायमिंग दोन अंशांनी बदलते, हे ध्यानात ठेवावे. इंजिन बंद असताना इग्निशन फार वेळ चालू ठेवू नये, कारण पॉइंट बंद असल्यास कॉइल तापून निकामी होते.

पाचवी पायरी : चालत्या इंजिनाची परीक्षा

स्थिर जुळणी हा आरंभ आहे, शेवट नव्हे. इंजिन पुरेसे तापू द्यावे, आयडलिंगचा वेग पुस्तिकेप्रमाणे ठेवावा आणि टायमिंग लाइट पहिल्या सिलिंडरच्या वायरीला जोडावा. पोकळीवर चालणारा पडदा असल्यास आणि पुस्तिकेत तसे सांगितले असल्यास त्याची नळी काढून तिचे तोंड बंद करावे. पुलीवरची खूण पांढऱ्या खडूने ठळक करावी.

खूण एका जागी स्थिर दिसली, तर उत्तम. ती पुढे-मागे नाचत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचा बुश अथवा टायमिंग चेन झिजली आहे. चेनची परीक्षा सोपी आहे : झाकण काढून इंजिन हाताने थोडे मागे-पुढे करावे आणि रोटरकडे पाहावे. पुली कित्येक अंश हलूनही रोटर जागचा हलत नसेल, तर दोष चेनमध्ये आहे. अशा वेळी ठिणगीबरोबर व्हॉल्व्हची वेळही मागे पडलेली असते, त्यामुळे नुसता डिस्ट्रिब्युटर फिरवून गाडी पूर्ववत होणार नाही.

त्यानंतर वेग हळूहळू वाढवावा. खूण टप्प्याटप्प्याने पुढे सरकली पाहिजे आणि वेग उतरताच मूळ जागी परतली पाहिजे. ती हललीच नाही, तर आतील वजने गंजून अडकली आहेत. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाड्यांत हा दोष नेहमीचा. ती चटकन पुढे जाऊन परत येत नसेल, तर स्प्रिंग तुटली किंवा सैल झाली आहे. इंजिन बंद करून रोटर त्याच्या दिशेने हाताने फिरवून सोडला, तर तो स्प्रिंगच्या जोराने परत आला पाहिजे. पडद्याची परीक्षा त्याच्या नळीतून तोंडाने हवा ओढून करता येते. पॉइंटची तबकडी हलली आणि ओढ धरून ठेवल्यास तेथेच थांबली, तर पडदा शाबूत आहे.

रस्त्यावरचा निकाल

शेवटची चाचणी मोकळ्या रस्त्यावर घ्यावी. इंजिन तापलेले असताना वरच्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरच्या आसपास असताना जोर द्यावा. नॉकिंगचा आवाज टिकून राहिला, तर टायमिंग एक-दोन अंश मागे घ्यावे आणि चाचणी पुन्हा करावी. एका वेळी एकच बदल करावा, आणि तो लिहून ठेवावा. पॉइंट, टायमिंग आणि कार्ब्युरेटर एकाच दुपारी हलवले, तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही. बिघडली, तर परतीची वाट सापडत नाही.

टायमिंगवर नाहक आळ

टायमिंग लाइटखाली खूण स्थिर आहे, वेगानुसार सरकते आहे, तरीही तक्रार कायम असेल, तर दोष अन्यत्र शोधावा. मॅनिफोल्डच्या गास्केटमधून हवा शिरत असेल तर मिश्रण पातळ होऊन इंजिन अडखळते. उन्हाळ्यात गर्दीत उभ्या असलेल्या गाडीच्या नळीत पेट्रोलची वाफ झाली, तरी ती बंद पडते. केवळ तापल्यावरच मिसिंग होत असेल, तर कॉइल किंवा कंडेन्सर बदलून पाहावा. किल्ली काढल्यावरही इंजिन काही क्षण धडधडत राहते, ते सहसा ज्वलनकक्षात साचलेल्या तापलेल्या काजळीमुळे आणि चढ्या आयडलिंगमुळे.

इंधनाचाही विचार करावा लागतो. आज देशात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या कार्ब्युरेटरच्या मोजमापावर मिश्रण काहीसे पातळ होते, शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि पडदे खराब होतात. गाडी पातळ मिश्रणामुळे अडखळत असताना टायमिंग पुढे-मागे करत बसणे हे रोग एक आणि औषध दुसरे, अशातला प्रकार होय.

पूर्वी टॅक्सी असलेली किंवा सीएनजीवर चाललेली पद्मिनी घेतली असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. सीएनजी पेट्रोलच्या तुलनेत सावकाश जळतो आणि नॉकिंगला सहज बळी पडत नाही. म्हणून सीएनजीवरील गाड्यांचे टायमिंग अधिक पुढे ठेवले जाई. गॅसची टाकी काढली, पण टायमिंग तसेच राहिले, तर पेट्रोलवर अशी गाडी पहिल्याच घाटात नॉकिंग करू लागते.

पॉइंट ठेवावेत की बदलावेत?

पॉइंटच्या जागी चुंबकीय संवेदक बसवणारे इलेक्ट्रॉनिक संच आता मिळतात. त्यांत झिजणारी टाच नसल्याने एकदा केलेली जुळणी टिकते आणि पावसाळ्यात गाडी सुरू होण्याची खात्री वाढते. मात्र झिजलेला बुश, अडकलेली वजने किंवा ढिली चेन यांवर हा उपाय नाही. ते दोष आधी दुरुस्त करावे लागतात. शिवाय पॉइंट बिघडताना बहुधा पूर्वसूचना देतात आणि रस्त्याच्या कडेला पोलिसपेपरने साफ करून घरापर्यंत पोहोचवतात. इलेक्ट्रॉनिक संच बंद पडला, की गाडी ओढूनच न्यावी लागते. संच बसवला, तरी जुनी पॉइंट-प्लेट कंडेन्सरसह डिकीत ठेवणे शहाणपणाचे. पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करू इच्छिणाऱ्यांनी तर असा बदल करण्यापूर्वी विचार करावा, कारण गाडी मूळ स्वरूपात असणे ही त्या नोंदणीची अट आहे.

वही आणि खडू

पद्मिनीचे टायमिंग कानाने ओळखणारे मिस्त्री शहरांतून कमी होत चालले आहेत. त्यांच्या कानाची जागा कोणतेही उपकरण पूर्णपणे घेणार नाही. पण त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरे आता संगणक जोडून दोष वाचणाऱ्या गाड्यांवर काम करतात, हे वास्तव आहे. अशा वेळी आपल्या गाडीचे आकडे मालकालाच ठाऊक असणे अगत्याचे ठरते. डिकीत एक वही ठेवावी. पॉइंटची फट, प्लगची फट, स्थिर टायमिंग, ३००० फेऱ्यांवरील टायमिंग, तारीख आणि किलोमीटर एवढे लिहिले तरी पुरे. दर पाच हजार किलोमीटरला, किंवा गाडी कमी चालत असल्यास वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, हे आकडे पुन्हा पडताळावेत. पुढच्या वेळी ‘गाडी ओढत नाही’ असे वाटले, तर कार्ब्युरेटरकडे वळण्यापूर्वी ही वही उघडावी. बहुतेकदा उत्तर तिच्यातच सापडते.